गेणू प्रॉम्प्टर आणि बापाची चौकट

आमच्या नाटक कंपनीचं हँडबिल गुलाबी कागदावर छापलेलं असायचं. त्यावर माझं नाव सगळ्यात मोठं, मग नायिकेचं, मग विनोदी नटाचं, आणि पुढे अक्षरं बारीक होत होत टोप बसवणाऱ्यापर्यंत आणि गॅसबत्तीत हवा भरणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं. एका माणसाचं नाव मात्र त्यावर एकोणीस वर्षांत कधी आलं नाही. तो आमचा प्रॉम्प्टर, गेणू मारकड. मालक म्हणायचे, "प्रॉम्प्टरचं नाव छापायचं म्हणजे आमच्या नटांचं पाठांतर कच्चं आहे, असं आपणच गावभर सांगायचं." त्यावर सगळे माना डोलवायचे. मीही डोलवायचो.

गेणू पळसदेवचा. बाप मेंढरं राखायचा. पोराचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून मास्तरांनी त्याला इंदापुरात ठेवून मॅट्रिकपर्यंत नेला. आमच्याकडे तो आला तो नाटकाच्या नकला करायला, म्हणजे प्रत्येक नटाची भाषणं वेगळ्या वहीत उतरवून काढायला. नकला करता करता कंपनीची चारही नाटकं त्याला मुखोद्गत झाली आणि तो विंगेत उभा राहू लागला. आवाज असा, की माझ्या कानाला पोचे आणि पहिल्या रांगेतल्या पाटलाला पोचत नसे.

मी एकदा त्याला विचारलं होतं, "गेण्या, नट विचार करून थांबलाय का विसरून थांबलाय, हे तुला कळतं कसं?"

"दोन दम मोजायचं, बापूसाहेब," तो म्हणाला. "पयला दम नटाचा. त्यात त्यो आटवतोय. दुसरा मानसांचा. त्यास्नी वाटतं ह्यो रंगात आलाय. तिसरा घेतला का कंपनी बुडाली."

मला त्यानं किती वेळा बुडताना धरलं, याची मोजदाद नाही. भीमाच्या भूमिकेत गदा खांद्यावर घेऊन मी एकदा इतका रिकामा झालो होतो, की समोर दुर्योधन आहे का द्रौपदी, तेही सुचेना. विंगेतून शब्द आला आणि मी गर्जलो. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांतली एक तरी त्याला द्यावी, असं माझ्या मनात आलं नाही. खोटं कशाला सांगू, तेव्हा ते सुचण्याजोगं मला वाटलंच नव्हतं.

चौऱ्याऐंशी साली कंपनी मोडली. गेणूचं पळसदेवचं घर त्याआधीच धरणाच्या पाण्यात गेलेलं. पाणी उंबऱ्याला लागलं त्या दिवशी त्याच्या बापानं, म्हाताऱ्या सिद्धूनं, घराची सागवानी चौकट उपसून काढली आणि डोक्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून बाहेर आला. दुसरं काही आणलं नाही. लोक म्हणाले, भांडी तरी आणायची. म्हातारा म्हणाला, भांडी बाजारात मिळत्यात. ती चौकट पुढे गेणूच्या सासुरवाडीला, सणसरला, त्याच्या दोन खोल्यांच्या घराला बसवली. ती फार बुटकी. आत जाणाऱ्या प्रत्येकाला गेणूची बायको सारजा सांगायची, "डोकं संभाळा."

गेणूनं इंग्रजी टायपिंगची परीक्षा दिली आणि इंदापूरच्या कचेरीबाहेर मशीन मांडलं. दावे, अर्ज, प्रतिज्ञापत्रं. चिंतामण वकिलांचं सगळं काम तो करायचा. वकिलांचा एकुलता मुलगा अद्वय अमेरिकेत होता. लहान धंदेवाल्यांना सल्ला देण्याची त्याची फर्म होती, आणि फर्म म्हणजे तो एकटाच. अठ्ठ्याण्णव साली त्यानं वडिलांना फोनवर सांगितलं, की सेक्रेटरी ठेवणं परवडत नाही. पण आता इंटरनेटवरून जगाच्या पाठीवर कुठूनही माणूस काम करू शकतो. इथं रात्री काम टाकलं की तिथं दिवस उजाडलेला असतो. तिकडे कुणी चांगलं इंग्रजी टाइप करणारं आहे का?

वकील म्हणाले, "आहे. आपला गेणू आहे."

अशा रीतीनं एक्कावन्न वर्षांचा गेणू मारकड रोज सकाळी सणसरला रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला उभा राहू लागला. चौदा वर्षं तो अलीकडच्या बाजूला इंदापूरच्या एसटीसाठी उभा राहायचा, आता पलीकडे बारामतीच्या. गावात तेवढ्यावरून चर्चा झाली. बनाबाई नावाच्या शेजारणीनं सारजाबाईंना विचारलं, "दाजींचं कचेरीत कुनाशी वाजलं का?"

"न्हाय, अमेरिकेत कामाला लागल्यात," सारजाबाई म्हणाल्या.

"आन मग रोज सांच्याला परत कसं येत्यात?"

बारामतीत भिगवण चौकाजवळ मनिषा नावाच्या बाईंचं कॉम्प्युटर सेंटर होतं. पाच मशीन, त्यातल्या एकालाच इंटरनेट. चपला बाहेर काढायच्या. मी तिथून दोन गल्ल्या सोडून राहतो, म्हणून दुपारी चहाला गेणूला बोलवायला जायचो. लाइन लागताना ते यंत्र असं किंचाळायचं, की वाटावं शिकाऊ पेटीवाल्याच्या हातात भाता दिलाय. गेणू मात्र कळ दाबण्याआधी पडद्यामागे करायचा तसा नमस्कार करायचा.

"तात्या, तो माऊस उचलून धरू नका, टेबलावरच फिरवायचा," मनिषाताई म्हणायच्या.

"व्हय ताई. टायपिंगच्या मशीनला दर ओळीला दांडा ढकलायची सवय हाय, हात आपसूक उचलतो."

पहिल्या महिन्यात त्यानं कचेरीच्या इंग्रजीत पत्रं लिहिली. अमेरिकेतल्या एका बेकरीवाल्याला 'नम्रपणे निवेदन करतो की' अशी सुरुवात आणि शेवटी 'आपला आज्ञाधारक सेवक'. अद्वयनं कळवलं, बेकरीवाल्याला वाटलं आपल्यावर खटला झालाय. पण गेणूचा कान तयार होता. अद्वयची जुनी पत्रं त्यानं नकलेसारखी उतरवून काढली, आणि दोन महिन्यांत तो असा लिहू लागला, की अद्वयला स्वतःच्या आणि त्याच्या पत्रात फरक सापडेना. भेटीच्या वेळा ठरवणं, हॉटेलं धुंडाळणं, अहवाल टाइप करणं, नाराज गिऱ्हाइकाला समजावणं, सगळं गेणू करायचा. सगळ्यावर सही अद्वयची.

एका अमेरिकन बाईनं हिशेबाच्या पत्रात शेवटी लिहिलं होतं, की कुत्रं आजारी असल्यानं उत्तराला उशीर झाला. अद्वयनं नेहमीप्रमाणे कामापुरतं उत्तर सांगितलं. गेणूनं खाली आपल्या मनानं एक ओळ घातली: कुत्रं पाणी पितंय का? पाणी पीत असेल तर काळजी करू नका. मेंढक्याच्या घरातला माणूस. कुत्र्यांचं त्याला अद्वयपेक्षा जास्त कळत होतं. कुत्रं जगलं. बाईनं पुढच्या वर्षाचं सगळं काम अद्वयला दिलं आणि आणखी दोन गिऱ्हाइकं पाठवली.

अद्वयनं गेणूला कळवलं, "कुत्र्याचं मला सुचलं नसतं. असं जिथं सुचेल तिथं घालत जा. मला विचारू नका."

ते पत्र छापून घेऊन गेणू माझ्याकडे आला. मी म्हणालो, "म्हणजे तिथंही तू विंगेतच."

"विंगच बरी, बापूसाहेब. उजेडात डोळं दिपत्यात." मग खिशाला हात लावत म्हणाला, "पर पाटी लागनार हाय."

"कसली पाटी?"

त्यानं खिशातून दुसरा कागद काढला. अद्वय बारामतीत ऑफिस काढणार होता. तिथून पाच-सहा माणसांनी अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांची अशीच कामं करायची, आणि त्यांच्यावर गेणू. दारावर दोन पाट्या. त्यांचा मजकूर अद्वयनं गेणूलाच तयार करायला सांगितला होता. गेणूनं तो टाइप करून आणला होता. वरची पाटी अद्वयची, आणि खाली, त्याहून जरा लहान अक्षरात: जी. एस. मारकड, व्यवस्थापक.

मी कागद हातात घेतला. त्या माणसाचं नाव छापलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो. तो कागद पुढे सारजाबाईंनी देव्हाऱ्यात ठेवला.

नव्याण्णवच्या फेब्रुवारीत अद्वय येणार ठरलं. बारामतीतल्या एका मंडळानं त्याचा सत्कार योजला. परदेशात नाव काढलेला तालुक्याचा सुपुत्र वगैरे. सत्काराला भाषण हवं. अद्वयला मराठी बोलता यायचं, पण स्वयंपाकघरातलं. त्यानं गेणूला लिहिलं, की भाषण तुम्हीच करा, मी पाठ करतो, कागद न घेता बोलायचंय. आणि शेवटी: "पळसदेवला आमचंही घर गेलं ना पाण्यात? त्यावर काहीतरी मनाला लागेल असं लिहा."

वकिलांचं घर पाण्यात गेलं होतं हे खरं. पण त्या घरात तेव्हा कुणी राहत नव्हतं. अद्वयचे आजोबा पुण्याला होते, त्यांनी भरपाईच्या कागदांवर पुण्यातच सह्या केल्या. त्यात मनाला लागेल असं काय होतं? गेणूला मोकळी जागा दिसली. मोकळी जागा दिसली की तो दोन दम मोजून भरायचा. त्यानं तिथं आपल्या बापाची चौकट घातली. फक्त 'बाप' खोडून 'आजोबा' केलं.

मराठी अक्षरं तिकडच्या कॉम्प्युटरवर उमटायची नाहीत, नुसते चौकोन दिसायचे. म्हणून सगळं भाषण गेणूनं इंग्रजी अक्षरांत लिहून पाठवलं. मला त्यानं ते वाचून दाखवलं. मी म्हणालो, "गेण्या, ही तुझी चौकट आहे."

"मी तिचं काय करनार? कोन मला भाषनाला बोलावतंय? त्येच्या तोंडून चार लोक ऐकतील तरी."

"आणि सिद्धूबाबाचं नाव?"

"नाव कुठं घातलंय. नुसती चौकट दिलीया."

सत्काराच्या दिवशी मंगल कार्यालय भरलं होतं. पुढच्या रांगेत कोच मांडलेले. चिंतामण वकील काळा कोट घालून मधोमध, शेजारी अनसूयाबाई, अद्वयची आई. गेणू आणि मी तिसऱ्या रांगेत. सारजाबाई मागे बायकांत, ठेवणीतलं लुगडं नेसून. गेणूनं कडक इस्त्रीचा सदरा घातला होता आणि भाषणाची नक्कल चार घड्या करून मुठीत धरली होती. कार्यक्रमाच्या शेवटी अद्वय ऑफिसची घोषणा करणार होता आणि व्यवस्थापक म्हणून गेणूला स्टेजवर बोलावणार होता. तसं त्यानं लिहून कळवलं होतं.

अद्वय बोलायला उभा राहिला. देखणा, हसतमुख, आवाज चांगला. पहिली पाच मिनिटं त्यानं झोकात काढली. मी नट आहे, मला कळतं. पोरानं मेहनत घेतली होती. गेणूचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. मग पळसदेव आलं. पाणी चढू लागलं. गावानं गाड्या भरल्या. "आणि ज्या दिवशी पाणी आमच्या उंबऱ्याला लागलं," अद्वय म्हणाला, आणि थांबला.

मला कळलं. तो आठवत नव्हता, विसरला होता. बाकीचं भाषण त्याच्या धंद्याचं होतं, ते त्याला सुचलं असतं. पण ही चौकट त्यानं पाहिली नव्हती, तिच्याखाली कधी वाकला नव्हता. तिथं धरायला त्याच्याकडे काही नव्हतं.

एक दम गेला. मी गेणूच्या गुडघ्यावर हात ठेवला. दुसरा दम गेला. मी हात दाबला. तिसऱ्या रांगेत विंग नसते, हे मी त्याला कसं सांगणार होतो.

गेणूनं शब्द दिला. पण चौदा वर्षांत आवाजाचं माप हुकलं होतं, आणि तो शब्द वहीतला नव्हता. तो पोटातून आला.

"माझ्या बापानं चौकट उपसली आन डोक्यावर घेतली."

बुडणारा नट मिळेल तो शब्द पकडतो. मी आयुष्यभर तेच केलंय. अद्वयनंही तो जसाच्या तसा उचलला आणि हात उंचावून, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाला, "माझ्या बापानं चौकट उपसली आणि डोक्यावर घेतली."

सभागृहातल्या निम्म्या लोकांनी गेणूचा आवाज ऐकला होता. उरलेल्या निम्म्यांनी पहिल्या रांगेतल्या चिंतामण वकिलांकडे पाहिलं. पाण्याचा तांब्याही स्वतः उचलून न घेणारा माणूस, हे इंदापुरात पोरालासुद्धा माहीत. मागून कुणीतरी म्हणालं, "वकीलसाहेब, मान दुखती का हो अजून?" आणि हशा असा उसळला, की माईक शिट्टी वाजवू लागला.

अद्वयनं हसून वेळ निभावली. आभार मानले, ऑफिसची घोषणा केली. व्यवस्थापक म्हणून कुणाला बोलावलं नाही. गेणू शेवटपर्यंत खुर्चीच्या कडेवर बसून होता, बोलावलं तर उठायला बरं म्हणून.

नंतर जेवणाच्या खोलीत आम्ही गेलो. अद्वय पुढे आला, गेणूचा हात हातात घेतला. "काका, तुम्ही सावरलंत. थँक यू," म्हणाला, आणि दुसऱ्या पाहुण्याकडे वळला. रागाचा एक शब्द नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या दिलेल्या माणसाला आपण पुन्हा बोलावतो.

शिव्या वकिलांनी दिल्या, आपल्या पद्धतीनं. ताटावरून मान वर न करता ते म्हणाले, "गेणू, मी तुला काम दिलं, मुलाकडे चिकटवून दिलं. आणि तू आम्हाला डोक्यावर लाकडं वाहणारे करून ठेवलंस?"

"चूक झाली, वकीलसाहेब. आजोबा म्हनायचं हुतं."

"आजोबा तरी कशाला? कुणी सांगितलं होतं?"

गेणूनं अद्वयकडे पाहिलं. अद्वय पाठमोरा होता. गेणू म्हणाला, "कुनी न्हाय. माजं मीच."

अनसूयाबाईंनी तेवढ्यात विचारलं, "गेणू, जेवलास का?" त्या एकट्यांना त्या दिवशी ते सुचलं.

चौथ्या दिवशी मी सेंटरवर गेलो तेव्हा गेणू मशीनपुढे बसला होता आणि मनिषाताई त्याच्यामागे उभ्या होत्या. तो सांकेतिक शब्द घालत होता आणि मशीन घेत नव्हतं.

"तात्या, परत एकदा सावकाश घाला."

"सावकाशच घालतोय, ताई."

सहा वेळा घातला. मग मनिषाताई हळूच म्हणाल्या, "तात्या, तिकडून बदललाय." गेणूनं मशीनला नमस्कार केला, वर कापड घातलं, चपला घातल्या. दोन दिवसांनी वकिलांमार्फत अद्वयचा लेखी निरोप आला, की कामाचं स्वरूप बदलल्यामुळे आता गरज नाही. शुभेच्छा. निरोपाचं इंग्रजी वाचून गेणू मला म्हणाला, "माजंच हाय. नको असलेल्या गिराइकाला पाठवायला मीच मजकूर करून ठेवला हुता. चांगला जमलाय."

ऑफिस उघडलं जूनमध्ये. व्यवस्थापक म्हणून पुण्याहून श्रिया नावाची हुशार मुलगी आली. तिचा काही दोष नाही. उद्घाटनाला एक पुस्तिका काढली होती, चकचकीत कागदाची. ती मलाही पोस्टानं आली. पहिल्याच पानावर अद्वयचा फोटो आणि त्याखाली लिहिलेलं: 'ज्या दिवशी पाणी आमच्या उंबऱ्याला लागलं, त्या दिवशी माझ्या आजोबांनी घराची सागवानी चौकट उपसली आणि डोक्यावर घेतली.' आता शब्द बरोबर होता. भांडी बाजारात मिळतात, हे वाक्यसुद्धा होतं.

ती पुस्तिका घेऊन मी रविवारी सणसरला गेलो. मी पेटलेला होतो. म्हणालो, "गेण्या, चल अद्वयकडे. मी येतो बरोबर. अख्खी बारामती मला ओळखते. मी सांगतो ही चौकट कुणाची."

गेणूनं पान वाचलं. मधे मधे, जिथं थांबायला हवं तिथं थांबत, ओठ हलवत. मग पुस्तिका मिटून माझ्या हातात दिली. "दिल्याला शब्द माघारी कसा घ्यायचा? नटानं उचलला का त्यो नटाचा. तुमी कवा माघारी दिला का?"

त्यानं टोमणा मारला नव्हता, नुसतं विचारलं होतं. मी देव्हाऱ्याकडे पाहिलं. पाटीचा कागद तिथं नव्हता. सारजाबाईंनी माझी नजर पाहिली आणि चहा ठेवायला उठल्या.

तेवढ्यात शाळेतले नवे गुरुजी आले, बदलीचा अर्ज टाइप करून घ्यायला. गेणूचं जुनं मशीन पुन्हा बाहेर निघालं होतं आणि काम सुटल्याच्या पुढच्या सोमवारपासून तो रस्त्याच्या अलीकडच्या बाजूला उभा राहू लागला होता, इंदापूरच्या गाडीला. गुरुजी उत्साही, सोलापूरकडचे. आत येताना ते वाकले, आणि वाकता वाकता चौकटीवरून हात फिरवत म्हणाले, "वा. सागवानी दिसतीय. तात्या, अमेरिकेतले ते अद्वयसाहेब माहीत आहेत ना, आपल्याच तालुक्यातले? त्यांच्या आजोबांनी अशीच चौकट पाण्यातून आणली होती. शाळेला त्यांची पुस्तिका आलीय, मी वर्गात पोरांना वाचून दाखवलं परवा. तुम्हीही त्यांचं वाचूनच बसवली का काय?"

मी तोंड उघडलं. एक दम गेला. दुसरा गेला. मी गेणूकडे पाहिलं, आता तरी तो शब्द देईल म्हणून.

त्यानं कागद मशीनमध्ये घातला, सरळ केला.

"व्हय गुरुजी," तो म्हणाला. "जाताना डोकं संभाळा."